वरकस माळ राखायचा कसा?

पालघरमध्ये पाण्याची टंचाई आहे म्हटले की घाटावरचा माणूस हसतो. त्याचेही फारसे चुकत नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात त्याहूनही जास्त. माण-खटावच्या शिवाराला अख्ख्या वर्षात जेवढे पाणी मिळते तेवढे इथे जुलैच्या एका जोरकस आठवड्यात पडून जाते. तरी मार्च उजाडला की मोखाड्यात टँकर फिरू लागतात, आणि बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाताना रस्त्याकडेचे माळ तांबडे, उघडे, मुरूम वर आलेले दिसतात.

जमिनीच्या ऱ्हासावर जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक कमी पावसाच्या मुलखाबद्दल असते: राजस्थान, सोलापूर, फार तर आफ्रिकेतला साहेलचा पट्टा. त्यामुळे कोकणपट्टीतल्या माणसाला हा विषय आपला वाटतच नाही. पण अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने २०२१ मध्ये काढलेला नकाशासंग्रह पाहा. देशाची सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळपास ३० टक्के भूभाग, २०१८-१९ मध्ये ऱ्हास पावत असल्याची नोंद त्यात आहे. महाराष्ट्रातल्या ऱ्हासाची मुख्य कारणे दोन: पाण्याने होणारी धूप आणि जमिनीवरचे झाडोऱ्याचे आवरण जाणे. ही दोन्ही कारणे पालघरच्या उतारांवर ठाण मांडून आहेत. पाऊस चार महिन्यांचा, पुढचे आठ महिने कोरडे. आवरण गेलेला माळ त्या आठ महिन्यांत अर्धशुष्क प्रदेशासारखाच वागतो, आणि जून-जुलैत मात्र कोकणातल्या धारांचा मार खातो. दोन्हीकडचे वाईट त्याच्या वाट्याला येते.

हा लेख ज्यांच्याकडे पाच-दहा एकर वरकस आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या पाड्याजवळ गुरचरण आहे त्या ग्रामसभेतल्या मंडळींसाठी आहे. म्हणणे थोडक्यात असे: माळ सुधारायचा असेल तर पहिला पैसा खोदकामावर घालू नका, राखणदारावर घाला.

वरकस म्हणजे भाताच्या खाचरांच्या वरची, नेमाने नांगराखाली न येणारी उंचवट्याची जमीन. राबासाठी पाला, गुरांना गवत, अधूनमधून नागली, वरई किंवा खुरासणी, एवढे ती देत आली. रेल्वे आल्यावर तिला मुंबईचे गिऱ्हाईक मिळाले. पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यातले गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाऊ लागले आणि गवताच्या वखारी उभ्या राहिल्या. वारल्यांच्या उठावाची हकीकत सांगताना वेठबिगारीचा उल्लेख सगळे करतात, गवताचा क्वचितच. १९४५ च्या ऑक्टोबरात किसान सभेने काम बंद पाडले ते ऐन गवतकापणीच्या हंगामात, आणि मागणी होती ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. ज्या गवतासाठी जमीनदार इतका हट्टाला पेटला होता, ते त्या काळी सोन्याच्या मोलाचे होते, हे यातून दिसतेच. आज त्याच माळांवर गवत कापायला गडी लावला तर मजुरीही सुटत नाही असे ऐकू येते. मजुरी वाढली हे खरे, मुंबईतले बरेच तबेले हलले हेही खरे. पण तिसरे कारण आपल्या पायाखाली आहे: गवताची जातच बदलली.

गवत पाहून माळ ओळखा

जमीन किती बिघडली हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. सप्टेंबरअखेर, गवत निसवलेले असताना, माळावर एक फेरी मारा आणि कोणते गवत जास्त आहे ते पाहा. साऱ्या दख्खनच्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर गवतांची एक उतरंड असते, आणि चराई, आग, धूप यांचा भार वाढत गेला की माळ तिच्यावरून पायरी-पायरीने खाली येतो.

वरच्या पायरीवर बहुवर्षायू गवते: शेडा, पवन्या, डोंगरी, आणि ओल धरणाऱ्या सखल जागी मारवेल. यांचे ठोंब जाड असतात, मुळे खोल जातात, आणि पावसाळा संपल्यावरही बुंध्याशी हिरवेपणा काही काळ टिकतो. गुरांना हीच आवडतात, म्हणून हीच आधी संपतात. मग कुसळी पुढे सरसावते. कुसळी ओळखायला सोपी; ऑक्टोबरात धोतराला, विजारीला, शेळीच्या तोंडाला जे टोचते ते तिचे बी. तीही बहुवर्षायूच, कोवळी असताना गुरे खातात, पण कुसळे धरल्यावर तोंड लावत नाहीत. माळावर कुसळीचे राज्य असेल तर जमीन घसरू लागली आहे, पण हातची गेलेली नाही.

त्याखालची पायरी म्हणजे वीतभर उंचीची हंगामी गवते. पहिल्या पावसाला उगवतात, दसऱ्याला वाळतात, दिवाळीनंतर वाऱ्याने उडून जातात. यांची मुळे बोटभर. यांच्या भरवशावर राहिलेली माती पुढच्या जूनमध्ये उघडीच असते. आणि सर्वांत खाली टाकळा, रानतुळस, रानमोडी, घाणेरी. ही झुडपे माळाला हिरवा रंग देतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याची फसगत होते. उपग्रहाचीही होत असावी! आषाढात टाकळ्याची कोवळी भाजी जरूर खावी. पण ज्या माळावर गोणीभर टाकळा सहज निघतो, तिथे गुरांनी काय खायचे हा प्रश्न आहे.

गवताबरोबर बुंध्याकडेही पाहा. ठोंबाभोवतीची माती वाहून जाऊन मुळे उघडी पडली असतील आणि प्रत्येक ठोंब छोट्या उंचवट्यावर उभा असल्यासारखा दिसत असेल, तर त्या उंचवट्याएवढी माती गेलेली आहे. दगडाच्या खालच्या अंगाला आणि वरच्या अंगाला मातीची पातळी वेगळी दिसते का, तेही बघा.

पाणी मुरते की पळते, हे पाहायला एक डबा पुरतो. पत्र्याच्या डब्याची दोन्ही झाकणे काढा, तो तीन बोटे जमिनीत दाबा, लिटरभर पाणी ओता आणि ते जिरायला लागणारा वेळ मोजा. हाच प्रयोग त्याच उतारावर, कुंपणाआड किंवा एखाद्या देवराईत, जिथे गुरे फिरत नाहीत तिथे करा. दोन वेळांतला फरक म्हणजे गुरांच्या खुरांनी आणि उघड्या मातीवर आपटलेल्या सरींनी जमिनीचे तोंड किती बंद केले आहे त्याचे माप. हा प्रयोग ग्रामसभेच्या दिवशी चार जणांसमोर करावा. आकडे सांगून जे पटत नाही ते डबा पटवतो.

किती गुरे?

चराईबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच टोके ऐकू येतात: गुरे म्हणजे माळाचा शत्रू, किंवा गुरे तर पूर्वीपासून चरतातच, त्यात काय. दोन्ही बाजूला ठेवा आणि गवत तोला.

वाघबारशीच्या आसपास, कापणीआधी, माळावर पाच ठिकाणी एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा. चौकटीसाठी कामट्या चालतील. जागा निवडताना चांगले-वाईट करू नका. चालत जाऊन ठरावीक पावलांवर थांबा. चौकोनातले गवत जमिनीपासून चार बोटे ठेवून कापा, पूर्ण वाळवा, तोला आणि पाचांची सरासरी काढा. समजा, ती ३०० ग्रॅम आली. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी साधारण १,२०० किलो वाळले गवत. यातले निम्मे माळाचे. ते बुंध्याला, बियांना, मातीवर पसरायला राहिले पाहिजे. उरले ६०० किलो. मध्यम अंगाच्या गावठी गाईला दिवसाला सहा किलोच्या आसपास सुके खाणे लागते. म्हणजे एक एकर एका गाईला शंभर दिवस. डांगी जनावर असेल तर अंगाने मोठे, तेव्हा दिवस कमी धरा.

आता तुमच्या पाड्यातली गुरे मोजा. बहुतेक ठिकाणी हिशेब बसणार नाही, हे आधीच सांगतो. पण हिशेब न बसणे आणि किती बसत नाही हे ठाऊक असणे यात फार अंतर आहे. तूट पेंढ्याने भरून काढता येते. भाताचा पेंढा आपल्याकडे मुबलक असतो, फक्त तो निकस. १०० किलो पेंढ्याला चार किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, प्लॅस्टिकने हवाबंद झाकावा आणि तीन आठवड्यांनी उघडून, वास उडू देऊन, थोड्या प्रमाणापासून सुरुवात करत खाऊ घालावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा देऊ नये, आणि युरियाचे पाणी गुरांच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्यावी. हे तंत्र जुने आणि तपासलेले आहे. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन एकदा हाताने करून घेतले तर भीती जाते.

शेळ्यांचे काय, असे विचारले जाईल. शेळी झाडाचे कोंब खाते, गवत कमी. वरकसावर रोपे धरायची असतील तर शेळी नको. नुसते गवत राखायचे असेल तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात थोड्या शेळ्या झुडपे आटोक्यात ठेवायला कामीच येतात. भातकापणीनंतर घाटावरून मेंढपाळांचा वाडा उतरत असेल तर त्यांना हाकलण्यापेक्षा खाचरात बसवा. लेंडीखत शेताला मिळते, माळ वाचतो.

राखण

माळ राखायचा म्हणजे नेमके काय करायचे? सगळा माळ एकदम बंद करणे ही घोषणा होते, अंमल होत नाही. तीन भाग करा. एक भाग पूर्ण बंद, त्यात फक्त विळा चालेल, गुरे नाहीत. दुसऱ्यात गुरे ऑगस्टच्या मध्यानंतर सोडायची. तिसरा खुला. तीन वर्षांनी भाग फिरवा. जून-जुलैचा काळ सर्वांत नाजूक: ठोंब साठवणीतल्या शक्तीवर नवी पाने काढत असतो, आणि त्याच वेळी उन्हाळाभर उपाशी राहिलेली गुरे त्याच्यावर तुटून पडतात. पहिले सहा आठवडे गुरे बांधून ठेवता आली तर निम्मे काम झाले. त्या सहा आठवड्यांपुरता पेंढा मे महिन्यात बाजूला ठेवा. विकून टाकू नका.

बंद भागातही पहिल्या वर्षी फार काही दिसणार नाही. हंगामी गवते दाटतील, एवढेच. जुने ठोंब जिवंत असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ते फुटतात आणि शेडा-पवन्याचे तुरे दिसू लागतात. तिसऱ्या वर्षीही ते दिसले नाहीत तरच बी टाकण्याचा विचार करावा. बी बाहेरून मागवण्याआधी जवळच्या चांगल्या माळावरून, एखाद्या डोंगराच्या राखलेल्या अंगावरून, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पक्व तुरे ओरबाडून आणा. ते शेणमातीत कालवून गोळ्या करा आणि वळीव पडल्यावर टाका. मारवेलचे ठोंब लावूनही चांगले धरतात.

कापणीतही राखण आहे. जमिनीलगत सफाचट कापू नका. चार बोटे बुंधा राहू द्या. आणि दर वर्षी पाचवा हिस्सा पट्टा बियांसाठी न कापता सोडा, पट्टा बदलत राहा. बाकीचे गवत फुलोऱ्यात असताना कापले तर कस उत्तम, पण त्या दिवसांत ऊन नसते आणि माणसे भातात गुंतलेली असतात. तेव्हा जमेल तेवढे हिरवे कापून मुरघास करा, उरलेले नेहमीप्रमाणे कापणीनंतर.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव यात अनेकदा घेतले जाते. तिथे चराईबंदी झाली, पण गवत कापून न्यायला मुभा ठेवली गेली, म्हणून ती टिकली. आपल्याकडे ते गाव बघून आलेले लोक बंधारे आणि चर यांचे फोटो काढून आणतात. विळ्याचा नियम कोणी उतरवून आणत नाही.

आग आणि राब

माळाला सगळ्यांत महाग पडते ती मार्च-मेमधली आग. बहुवर्षायू गवत आगीने मरत नाही, पुन्हा फुटते, म्हणून ‘जाळले की गवत चांगले येते’ हा समज पसरला आहे. फुटतो तो कोंब कोवळा दिसतो, पण वरचा पाचोळा गेलेला असतो, झाडांची रोपे गेलेली असतात, आणि पुढची पहिली सर थेट राखेवर पडते. सपाट, कमी पावसाच्या गवताळ रानात आगीचे स्थान काय यावर पर्यावरणशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काळदुर्ग किंवा अशेरीच्या उतारांसारख्या चढावर, जिथे जूनमध्ये पाण्याचे लोट येतात, तिथे मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

जाळरेषा डिसेंबरात काढा, गवत अर्धवट ओले असताना. माळाच्या कडेने आणि रस्त्याकडेने तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा कापून साफ करायचा. कापलेले गवत गुरांना जाते, म्हणजे खर्चही फार नाही. फेब्रुवारीत काढलेली जाळरेषा पाहुणा जेवून गेल्यावर मांडलेल्या पानासारखी असते.

राबाचा प्रश्न नाजूक आहे. भाताच्या रोपांच्या जागेवर पाला-फांद्या जाळण्याची ही राबभाजणी वर्षानुवर्षांची, तण मरते, रोप जोमदार येते, हा अनुभव खोटा नाही. पण त्यासाठी ऐनाच्या फांद्या, पाला, गवत आणि शेण दर वर्षी माळावरून उतरते आणि परत काही जात नाही. यावर दोन पर्याय आपल्याच कोकणात घडलेले आहेत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत आणि गिरीपुष्पाचा हिरवा पाला खाचरात वापरतात. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा राईस तंत्र तर रोपवाटिका, चिखलणी आणि लावणी तिन्ही वगळते. गादीवाफ्यावर भात टोकायचे. पहिल्या वर्षी सगळे भात त्यावर लावू नका, दोन-चार गुंठ्यांवर करून पाहा, कारण तणाचा बंदोबस्त शिकावा लागतो. पण बांधावर गिरीपुष्प मात्र यंदाच लावा. फांदी खोचली की जगते, आणि ऐनाच्या मानेवरची कुऱ्हाड उतरते.

चर खणण्याआधी

कुदळीचे काम अजिबात करू नये असे नाही. पण पाणलोटाचे जे धडे आपण गिरवतो ते ५०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात तयार झाले. तिथे प्रत्येक थेंब अडवायचा असतो. इथे एका रात्रीत २०० मिलिमीटर पडतो. तो सगळा अडवायला गेलात तर चर भरून फुटतो आणि जिथे फुटतो तिथे नवी घळ तयार होते. यंत्राने सलग खणलेल्या चरांच्या खाली अशा ताज्या घळी कुठेही बघायला मिळतील. आपल्या उतारावर सलग चरापेक्षा तुटक चर बरे, तेही जिथे मातीचा थर हातभर आहे तिथेच. मुरूम वर आलेल्या जागी खोदू नका. जागेवरचे दगड गोळा करून समतल रेषेत कमरेपेक्षा कमी उंचीचे दगडी बांध घाला. पाणी त्यातून गाळून जाते, माती मागे बसते. घळ बांधायची तर वरून खाली या, आणि प्रत्येक बांधाला मधोमध सांडवा ठेवा. पाणी कुठे अडवायचे याइतकेच ते सुखरूप कुठून सोडायचे, हे महत्त्वाचे. ही कामे रोजगार हमीतून घेता येतात. माप घेताना मात्र खोदलेल्या घनमीटरला पैसे मिळतात आणि राखणदाराला नाही, ही त्या योजनेची जुनी अडचण आहे.

झाडांबद्दल एक सांगतो, ते अनेकांना रुचणार नाही. राज्यात २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ४, १३ आणि ३३ कोटी झाडे लावण्याची उद्दिष्टे ठेवली गेली, आणि अशा वेळी खड्ड्यांसाठी रिकामी जागा म्हणून गवताळ माळच डोळ्यांत भरतो. चांगला शेडा-पवन्या असलेल्या माळावर खड्डे खणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणे म्हणजे असलेले मोडून नसलेले आणणे. झाडे लावा ती घळीच्या कडेने, बांधावर, उतरंडीच्या तळाला गेलेल्या तुकड्यावर. आणि लावण्याआधी ऐन, साग, पळस, मोह यांचे जिवंत बुंधे जमिनीत आहेत का ते पाहा. असले तर त्यांचा एक सरळ फुटवा ठेवून बाकीचे छाटा. विकतचे रोप त्याची बरोबरी करत नाही.

रानमोडीला मात्र कुदळ हवी. ऑगस्ट ते ऑक्टोबर, जमीन मऊ असताना आणि फुले येण्याआधी, मुळासकट उपटा. डिसेंबरात पांढुरकी फुले दिसल्यावर काढली तर आपणच बी पसरवतो. घाणेरीचे जमिनीवरचे छाटून भागत नाही. मुख्य मूळ जमिनीखाली दोन इंचांवर तोडा आणि खुंट उलटा करून टाका. जाळून दोन्ही जात नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेवर लगेच गवताचे बी टाकले नाही तर पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा, आणि टाकले तरी दोन-तीन वर्षे मागे फिरून पाहावे लागते.

मुरूम, कारखाने आणि कागद

मालवाहू रेल्वे मार्ग, बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि आता वाढवण बंदर: पालघर जिल्ह्यातल्या या सगळ्या कामांना भराव लागतो. भराव म्हणजे कोणाचा तरी माळ. वरकसातून गवताचे वर्षाला चार पैसे मिळत नाहीत, मुरमाचे एकरकमी मिळतात, मोह होणारच. द्यायचेच ठरले तर अटी लेखी घ्या. वरची अर्धा फूट माती वेगळी साठवून काम झाल्यावर परत पसरायची, कडा तिरप्या करायच्या, उभ्या ठेवायच्या नाहीत, खणलेल्या जागेचे पाणी शेजाऱ्याच्या खाचरात उतरणार नाही अशी वाट काढायची. महसूल खात्याच्या परवान्याशिवाय गौण खनिज उचलता येत नाही, आणि अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने ग्रामसभेची शिफारस लागते. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे तालुके पूर्ण आणि पालघर, वसई अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. आपले गाव त्यात आहे का, हे तलाठ्याकडे आधी विचारा.

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गावांचा मामला वेगळा आहे. देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत तारापूर गणले गेले, आणि सांडपाण्याबाबत अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. त्या दाव्यात चर्चा मुख्यतः खाडी आणि मासेमारीची झाली. माळ आणि गुरे मागे राहिली. ज्या नाल्याला वसाहतीचे पाणी येते त्याच्या पुराखाली जाणाऱ्या पट्ट्यावर गुरे चारू नका आणि तिथले गवत कापून विकूही नका. मातीचा नमुना तपासायला देताना नुसते नत्र-स्फुरद-पालाश सांगू नका. सामू, क्षारता आणि जड धातू असे लिहून द्या. साधी माती परीक्षण प्रयोगशाळा जड धातू तपासत नाही, ते वेगळे मागावे लागते. नाल्याचा रंग बदललेला दिसला तर तारखेसह फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

राहता राहिला गुरचरणाचा प्रश्न. राखण करायची तर जमीन कोणाची हे आधी कागदावर स्पष्ट हवे. गावातल्या गुरचरणाचा सातबारा काढा; महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली ते चराईसाठी राखून ठेवलेले असते. त्यावर अतिक्रमण असेल तर ते गाव नमुना १-इ मध्ये नोंदले आहे का पाहा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश राज्यांना दिले, आणि त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. अर्जात या दोन्हींचा उल्लेख करा. मात्र गुरचरणावर वर्षानुवर्षे राहणारे भूमिहीन कुटुंब आणि गोदाम बांधणारा यांना एकाच मापाने मोजणारा ठराव करू नका. तो ग्रामसभेत टिकणार नाही आणि टिकूही नये.

माळ वनखात्याच्या नावे असेल तर वनहक्क कायदा, २००६ मधील सामूहिक हक्काचा दावा करा. चराईचा हक्क कलम ३(१)(घ) मध्ये, राखण आणि व्यवस्थापनाचा हक्क ३(१)(झ) मध्ये येतो. दाव्याला जुने पुरावे लागतात: गवताच्या लिलावाच्या पावत्या, कोंडवाड्याच्या नोंदी, वडीलधाऱ्यांचे जबाब. ज्या घरांनी कधीकाळी वखारीला गवत घातले त्यांच्या पेट्यांत अशी कागदपत्रे अजून सापडतात. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने नेमायच्या समितीत गुराखी आणि गवत कापणाऱ्या बाया असाव्यात. कोणत्या ठिकाणी कोणते गवत आहे हे त्यांना ठाऊक असते.

पहिला ठराव एका पानाचा पुरे. कोणता भाग बंद, कोणत्या तारखेपासून, विळ्यामागे किती पैसे, राखणदार कोण, त्याला धान्यात द्यायचे की रोख, आणि बंद भागात गुरू सापडले तर दंड किती. दंड कमी ठेवा, म्हणजे तो वसूल होतो. गवताचे पैसे वेगळ्या वहीत लिहा आणि पहिल्या वर्षी त्यातून फक्त राखणदाराचा पगार आणि जाळरेषेची मजुरी द्या. ठराव एप्रिलच्या ग्रामसभेत घ्या, कारण जूनच्या पहिल्या पावसाला गुरे कुठे बांधायची हे लोकांना मे महिन्यातच ठरवावे लागते.